कुंकवाखालचं विमान

दिग्गीच्या वाटेवरच्या त्या कुणबी वाडीत रुक्माला सगळे हट्टी म्हणत. म्हणणाऱ्यांत तिची सासू पार्वती पहिली होती, आणि ती तर उठल्याबसल्या म्हणायची. एकदा भातात शिरलेल्या गव्याला रुक्माने बांधावर उभं राहून अशा काही शिव्या घातल्या की तो आल्या वाटेने रानात परत गेला. गव्याला शिव्या झोंबल्या की त्याचं पोट भरलं होतं, यावर वाडीत एकमत कधीच झालं नाही. पण रुक्मा एकदा उभी राहिली की हलत नाही, एवढं मात्र सगळ्यांना पटलं.

तिचा नवरा येसू तिच्या अगदी उलट, मऊ स्वभावाचा. वेत कापावा, सोलावा, टोपल्या विणाव्यात आणि कुणी काही मागितलं की नाही म्हणू नये. पहिल्या महायुद्धाची लढाई सुरू झाली तेव्हा खानापूरकडची माणसं बेळगावात ओझी वाहायच्या कामावर भरती होत होती. परदेशात मराठा पलटणींच्या मागे सामान न्यायला हमाल हवे होते. ‘येतोस का?’ असं कुणीतरी येसूला विचारलं आणि सवयीप्रमाणे त्याला नाही म्हणता आलं नाही. रुक्मा त्याला सोडायला कॅसलरॉकच्या स्टेशनापर्यंत गेली आणि वाटभर भांडली. गाडी सुटली तेव्हाही ती भांडतच होती, फक्त आता डोळ्यांना पदर लागला होता.

पुढे बातमी आली ती बसऱ्याच्या पलीकडच्या कूत नावाच्या गावाची. येसू ज्यांच्याबरोबर गेला होता ती फौज तिथे तुर्कांच्या वेढ्यात सापडली, उपाशी राहिली आणि शेवटी शरण गेली. जे जगले ते कैदेत गेले, आणि कैदेतले किती जगले ते देवाला ठाऊक. येसूचं नाव घेऊन कुणी काही कळवलं नव्हतं. पण तो त्या फौजेबरोबर गेला होता, तेव्हा तिच्याबरोबरच अडकला असणार, असं सगळे धरून चालले.

त्यानंतर बऱ्याच काळाने उळवीच्या जत्रेत एका कासाराने वाडीतल्या माणसाच्या हातात एक जाड पुठ्ठा ठेवला. “दिग्गीकडच्या येसूच्या घरी द्यायचाय,” म्हणाला. त्याला तो खानापुरात कुणी दिला होता, त्या कुणाला लोंढ्यात आणखी कुणी. मूळ देणारा कोण, कधीचा, कुठला, सगळं वाटेतच सांडलं होतं. पुठ्ठ्यावर फोटो होता. वाळूत चार माणसं उभी, त्यांच्यामागे एक तिरकं उभं केलेलं यंत्र, आणि चौघांतला उजवीकडून दुसरा येसू. तोच तो, वाळूच्या झळीने डोळे बारीक करून उभा, हात कुठे ठेवावेत हे न कळलेला.

त्या यंत्राला विमान म्हणतात हे सुप्याच्या बाजारातून वाडीला कळलं. वाडीला ते रात्रीच्या राखणीला शेतात बांधतात त्या माळ्यासारखं दिसलं. खाली एक फळी, वर एक फळी आणि मध्ये काठ्या. एवढीशी वस्तू आभाळात जाते यावर लाडू बुधवंताने, म्हणजे वाडीच्या मुख्याने, शेवटपर्यंत विश्वास ठेवला नाही.

पार्वतीने मात्र त्या यंत्राला घरचंच मानलं. खंडेनवमीला कोयता, कुऱ्हाड, नांगराचा फाळ मांडून पूजा व्हायची, त्यात फोटोही मांडला जाऊ लागला. येसूच्या तोंडावर बोट टेकवायला तिचं मन धजेना. हार घातलेल्या, टिळा लावलेल्या माणसाच्या तसबिरी तिने सुप्यात पाहिल्या होत्या, आणि त्या सगळ्या मेलेल्यांच्या होत्या. म्हणून तिने तेलात कालवलेलं कुंकू विमानाच्या तोंडाला लावलं, बैलाच्या कपाळाला लावतात तसं. माझ्या पोराला सांभाळ बाबा, म्हणाली. पुढे खंडेनवमीची वाट पाहणंही सुटलं. मंगळवार म्हणू नये, अमावास्या म्हणू नये, म्हातारी बोट बुडवायची आणि विमानाच्या तोंडाला टेकवायची.

लढाई संपली. तापाची साथ आली, वाडीतली माणसं घेऊन गेली. कैदेतले जे सुटायचे ते सुटून बेळगावला आले आणि आपापल्या गावी पोचलेही. येसू आला नाही.

मग भाद्रपदात लाडू बुधवंत रुक्माच्या अंगणात येऊन बसला. भला माणूस, त्याला हे काम नको होतं हे त्याच्या बसण्यावरूनच दिसत होतं.

“रुक्मा, सर्वपित्रीला गवताची बाहुली जाळून येसूचं उरकून टाकूया,” तो म्हणाला. “गेलेल्याला वाट द्यायला हवी. न्हाईतर त्यो तिकडंबी न्हाई आन् हिकडंबी न्हाई. तुझंबी वय काय म्हातारीचं न्हाई. पुढं तुझा दुसरा पाट लावता येईल. आपल्यात त्याला बंदी न्हाई.”

“त्यो गेला हे कुणी बगितलंय?”

“आला न्हाई हे समद्यांनी बगितलंय.”

रुक्मा भांडण अर्धं टाकून आत निघून गेली. हे तिच्या आयुष्यात फार वेळा घडलेलं नव्हतं. बाहुली जळली की तिच्या बांगड्या फुटणार, कपाळ पुसलं जाणार. तेही तिने सोसलं असतं. पण येसू कुठे जिवंत असला आणि इकडे आपणच त्याला जाळून मोकळे झालो, या विचाराने तिचा जीव थाऱ्यावर राहीना.

त्याच आठवड्यात उमाजी आला. उमाजी खानापूरकडचा, शेती करून हिरडा-शिकेकाईचा व्यापार करणारा. लढाईत तोही बसऱ्याला होता, बंदरावर पेट्या उतरवायला. विमानं सुटी करून पेट्यांतून यायची, त्या फोडून भाग बाहेर काढायचं काम त्याच्या टोळीकडे होतं. बोलायला लागला की थांबायचा नाही, पण बोलणं खोटं नसायचं. बुधवंताने त्याला रुक्माकडे आणलं आणि फोटो दाखवला. कधीचा हाय एवढंच सांग, म्हणाला.

उमाजीने पुठ्ठा उन्हात धरला. यंत्राचं शेपूट फोटोच्या कडेबाहेर राहिलं होतं, धड माणसांच्या आड गेलं होतं. दिसत होते ते पंख, चाकं आणि तोंड. त्याने बराच वेळ पाहिलं.

“रुक्माक्का, वरचा पंख लांब, खालचा आखूड. असल्या दोनच जाती म्यां बगितल्यात,” तो म्हणाला. “एक अगदी पहिल्या सालातली. तिचा फिरणारा पंखा मागच्या अंगाला, म्होरं नुसतं बोथट खोकं, त्यात माणूस बसायचा. कूत पडलं तवर ती जात मोडीतच निघाली. दुसरी जात लढाईच्या शेवटाकडं आली, तिचा पंखा म्होरं तोंडाला. हितं म्होरं पंखा न्हाई, बोथट तोंड हाय. म्हंजे ह्यो फोटू पहिल्या सालचा. कूतच्या आधीचा.”

बुधवंताने मान हलवली. म्हणजे फोटो असून नसून सारखाच. वेढ्याच्या आधी येसू जिवंत होता एवढंच त्यातून कळत होतं, आणि ते कुणी नाकारलंच नव्हतं. बाहुलीसाठी गवत कापायला माणूस ठरला. उमाजी जाताना रुक्माकडे न बघता गेला. आपण खरं बोललो याचं त्याला वाईट वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी रुक्मा दुपारची उंबऱ्यावर बसून फोटो पाहत होती. रडायचं म्हणून नव्हे. रडणं तिने सर्वपित्रीनंतर ठेवलं होतं. तिला त्या बोथट तोंडाचा राग आला होता, म्हणून ती त्याच्याकडे रोखून पाहत होती. पाहता पाहता तिच्या ध्यानात आलं की ते तोंड चमकत नाही. बाकी फोटो गुळगुळीत होता, उन्हात लकाकत होता. तोंड तेवढं खरखरीत. तिने नख लावलं. नखात तपकिरी भुकटी आली. वास घेतला, तर तेल आणि कुंकू.

“आत्या,” तिने आत सासूला हाक मारली, “ह्या विमानाच्या तोंडाला किती कुंकू लावलंय तुमी?”

“लावलं असंल,” पार्वती चुलीपासून म्हणाली. “किती म्हंजे काय? देवाला कुणी मोजून लावतंय व्हय?”

म्हातारीच्या मायेचे थरावर थर वाळून काळपट झाले होते. फोटोही तपकिरी, तेही तपकिरी. उमाजीला दिसलेलं बोथट खोकं विमानाचं नव्हतंच, ते पार्वतीचं होतं. आता त्याखाली पंखा आहे की नाही?

रुक्माने पदराचं टोक ओलं केलं आणि कडेला हलकं पुसलं. कुंकू निघालं, पण त्याच्याबरोबर फोटोही निघाला आणि खाली पांढरा पुठ्ठा दिसला. तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. आणखी पुसलं असतं तर खरं कधीच कळलं नसतं. तिच्या जागी दुसरं कुणी असतं तर नशीब म्हणून फोटो कोनाड्यात ठेवून दिला असता. ही बाई उठली नाही. ऊन अंगणातून सरकत उंबऱ्यापर्यंत आलं आणि तिच्या स्वतःच्या हाताची सावली फोटोवर पडली. ती बाजूला व्हावी म्हणून तिने हात हलवला, आणि हलवता हलवता थांबली.

सावली! फोटोतल्या विमानाला सावली होती. सूर्य विमानाच्या मागे असताना काढलेला तो फोटो. यंत्राची सावली पुढे वाळूवर पडली होती, माणसांच्या पायांपाशी. तिथवर पार्वतीचं बोट कधी पोचलं नव्हतं. रुक्माने फोटो नाकाशी धरला. पंखांची सावली, चाकांची सावली, तोंडाची सावली. आणि त्या तोंडाच्याही पुढे, वाळूत आडवी पडलेली, दोन्हीकडे निमुळती होत गेलेली एक पट्टी.

ती तशीच उठली आणि चालायला लागली. उमाजीचा हिरडा कॅसलरॉकला गाडीत चढायचा होता, तेव्हा तो तिथेच असणार. पार्वती मागून ओरडत राहिली, कुठं चाललीस, जेवलीस तरी काय. रान, ओढे, चढ-उतार तुडवत रुक्मा दुसऱ्या दिवशी स्टेशनावर पोचली तेव्हा उमाजी पोत्यांवर बसून विडी ओढत होता. तिने फोटो त्याच्या पुढ्यात धरला आणि सावलीवर बोट ठेवलं.

उमाजीने पाहिलं, विडी टाकली, पुन्हा पाहिलं.

“आयला!” त्याने कपाळावर हात मारला. “पंखा! म्होरं पंखा हाय की! मग त्ये खोकं?”

“आत्यांचं कुंकू.”

उमाजी आधी हसला, मग पोत्यांवरून खाली उतरला. “अक्का, असल्या विमानांच्या पेट्यांचं खिळं ह्या हातानं उपसल्यात म्यां. कूत पडून वरीस उलटल्यावर ती आली. म्हंजे तवा येसू वाळूत उभा हाय, धडधाकट. कूतात त्यो नव्हताच! त्याला मागंच विमानांच्या छावणीत ठिवला असणार.” त्याने मान हलवली. “आन् म्यां त्याला मारून आलो की गं.”

“तुमी कशाला मारताय? आमीच सरण रचत हुतो,” रुक्मा म्हणाली. “आता त्यो हाय कुठं, त्ये सांगा.”

ते उमाजीला कुठून ठाऊक असणार? पण तो म्हणाला, इतके दिवस आपण कूतच्या कैद्यांतच येसूला विचारत राहिलो. विमानांच्या छावणीतली माणसं वेगळी, ती विचारायची जागा वेगळी. त्याने हिरडा दुसऱ्याच्या हवाली केला आणि दोघं बेळगावच्या गाडीत बसली. वाडीकडे निरोप धाडला, की गवत कापलं असेल तर म्हशीला घाला.

बेळगावच्या छावणीत ती दोघं दारोदार फिरली. उमाजी प्रत्येकाला फोटो दाखवून सगळी हकिगत पहिल्यापासून सांगायचा, कुंकवासकट, आणि रुक्मा त्याच्या मागे उभी राहायची. काहींनी हसून वाटेला लावलं, काहींनी पाणी दिलं. शेवटी बसऱ्याहून परतलेल्या एका नाईकाने फोटोकडे पाहून डोकं खाजवलं. विमानांच्या तेलाच्या डब्यांना एकदा आग लागली होती, तो म्हणाला. ओझेवाल्यांपैकी एकजण दुसऱ्यांना ओढून काढायला आत गेला आणि स्वतः भाजला. लढाईत जायबंदी झालेल्यांसाठी पलीकडे खुर्च्या विणायची शाळा काढली आहे, तिथे सुप्याकडच्या रानातला एक माणूस आहे, तोच तो असावा. वेताचं काम त्याला शिकवावं लागलं नाही. फारसा बोलत नाही.

रुक्मा उमाजीला फाटकाशी थांबवून एकटी आत गेली.

पत्र्याखाली माणसं ओळीने बसली होती. येसू कडेला होता. वेत त्याच्या बोटांतून सरसर जात होता, पण तो वेताकडे पाहत नव्हता. कुठेच पाहत नव्हता. कपाळापासून गालांपर्यंतची कातडी चुरगळलेली होती आणि डोळे मिटून गेले होते. रुक्माने तोंड दाबून घेतलं, पण हुंदका गेलाच.

येसूची बोटं थांबली. “कोण?”

“कोण म्हंजे? दुसरी कोण येणार हाय तुमची?”

त्याने तोंड दुसरीकडे वळवलं. मग खाली मान घालून म्हणाला, “तू जा. म्यां मेलो म्हणून सांग घरात. बुधवंत तुझा पाट लावून दील.”

“मरायचंच हुतं तर फोटू कशापायी धाडलात?”

“आगीच्या आधी एका साहेबानं काढलेला. एकजण खानापूरकडं निघाला हुता, त्याच्याजवळ दिला. म्हणलं, घरात माझं डोळ्यांसकट काहीतरी ऱ्हावं. आठवणीला.”

“आठवण!” रुक्मा कडाडली, तशी ओळीतली बाकीची माणसंही वेत सोडून ऐकायला लागली. “तुमच्या आईनं देव-देव करून त्या आठवणीची पार माती केलीया. तिकडं तुमची बाहुली जाळायला निघालीत समदी, आन् तुमी हितं खुर्च्या विणताय? उठा.”

“रुक्मा, जरा समजून घे,” तो हळू आवाजात म्हणाला. “हितं सपाट जमीन हाय, भिंतीला हात लावून जातोय. तिकडं रान. झाड तोडता येत न्हाई, नांगर धरता येत न्हाई. आंधळा माणूस घरात ठिवून तू काय करशील? कोनाड्यात बशीवशील?”

मग मात्र ती त्याच्यापुढे खाली बसली. तिचा आवाज उतरला.

“रातची भाताची राखण कोण करतंय हो आता? म्यां एकटी. माळ्यावर बसतोय, काळोख असा की आपला हात दिसत न्हाई. डुकरं येतात ती काय दिसतात व्हय? कानानंच वळखायची, कुठनं आली, किती आली. माळ्यावर रातची समदीच आंधळी. तुमी हुता तवा पानावर पाऊल पडलं तर सांगत हुता, भेकर हाय का डुक्कर. मला त्ये जमत न्हाई. म्यां नुसती वरडत ऱ्हातोय, आन् त्यांस्नीबी आता माझ्या वरडण्याची सवय झालीया.”

ओळीतलं कुणीतरी हसलं. येसू हसला नाही. त्याने हातातला वेत गुंडाळला, बाजूला ठेवला, पुन्हा उचलला. त्याचा चेहरा तिला वाचता येईना. जळलेल्या कातडीवर काही उमटतच नव्हतं. हा नाही म्हणाला तर याला उचलून तर नेता येणार नाही.

“औंदा भात कसं हाय?” त्याने विचारलं.

“पोटरीत आलंय,” रुक्मा म्हणाली. “डुकरांनी खालचा तुकडा निम्मा लोळवलाय.”

“खालनं येतात? ओढ्याकडनं?”

“व्हय.”

“मग माळा चुकीच्या बाजूला बांधलायस,” येसू म्हणाला आणि उठून उभं राहण्यासाठी त्याने हात पुढे केला.